तरोट्याचा साडेतेवीस तासांचा दिवस

आमच्या कॉलनीत मला 'झाडांच्या झोपेच्या मॅडम' म्हणतात. तीस वर्षांवर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, हजारो पोरांकडून कांद्याच्या पेशीच्या आकृत्या काढून घेतल्या, पण लोकांच्या डोक्यात राहिली ती झोप. परवा खालच्या मजल्यावरचे निवृत्त नायब तहसीलदार तुळशीची कुंडी कडेवर घेऊन वर आले. "मॅडम, हिला पाणी किती वाजता घालू? तुमच्या शास्त्राप्रमाणं ही उठते कधी?" मी म्हटलं, "साहेब, ती तुमच्या आधी उठते. तुम्ही उठलात की घाला." ते जरा रुसले आणि कुंडी घेऊन खाली गेले. पण खोटं काय सांगितलं मी? झाड उजाडायच्या आधीच उठायच्या तयारीला लागतं, त्याला कुणी हाक मारावी लागत नाही, एवढंच तर मी आयुष्यभर बघत आले.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांना थोडं समजावून सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. पावसाळ्यात आपल्याकडं रस्त्याच्या कडेला, बांधावर, पडीक जागेत तरोटा माजतो. पुण्याकडं त्याला टाकळा म्हणतात. कोवळा असतो तोवर माणसं त्याची भाजी करतात, जून झाला की जनावरंसुद्धा तोंड लावत नाहीत. त्याची पानं दिवसभर उघडी असतात आणि दिवेलागणीला जोडीजोडीनं मिटतात. तुम्ही म्हणाल, उजेड गेला म्हणून मिटली, त्यात काय एवढं? आहे ना. तीच कुंडी उचलून काळ्याकुट्ट खोलीत ठेवा. उजेडाचा ठिपका दिसू देऊ नका. तरी पानं दुसऱ्या दिवशी पहाटे उघडतात आणि सांजच्याला मिटतात. तिसऱ्या दिवशीही तेच. म्हणजे घड्याळ बाहेर नाही, झाडाच्या पोटात आहे.

फक्त हे पोटातलं घड्याळ बरोबर चोवीस तासांचं नसतं. एखाद्या झाडाचं थोडं पुढं पळतं, एखाद्याचं मागं रेंगाळतं. उघड्यावर असताना रोजचा सूर्य ते लावून देतो, आमचे वडील रेडिओच्या बातम्यांवर हातातलं घड्याळ लावायचे तसं. अंधारात लावून देणारा कुणी नसतो. मग झाड आपल्या स्वतःच्या दिवसानं चालायला लागतं. तो त्याचा स्वतःचा दिवस किती तासांचा, हे शोधायचं, हे माझं काम. आमच्या सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आणि याचा पगार देतात?"

औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, आमच्या कॉलेजच्या मागं एक दगडी भिंतींचं कोठार होतं. भिंती हात-हातभर जाड, त्यामुळं आत उन्हाळा-पावसाळा फारसा कळायचा नाही. ते मी प्राचार्यांच्या मागं लागून मिळवलं. बाहेरचं दार, मग काळा पडदा, मग आतलं दार. आत टेबलावर तरोट्याची कुंडी आणि तिच्यासमोर आमचा ढोल. ढोल म्हणजे पितळेचा उभा डबा. त्याच्या बुडाशी चावीचं घड्याळ, त्यावर तो चोवीस तासांत एक फेरी पुरी करायचा. डब्याभोवती गुळगुळीत कागद गुंडाळायचा आणि रॉकेलच्या चिमणीवर धरून त्यावर काजळी चढवायची. पानाला रेशमाचा धागा, धाग्याचं दुसरं टोक गवताच्या काडीला, आणि काडीचं टोक त्या काजळीवर टेकलेलं. पान वर गेलं की काडी हलायची, पान मिटलं की काडी हलायची. काळ्या कागदावर पांढरी रेघ उमटायची. रोज एकदा कागद भरला की ढोल बदलायचा, चावी द्यायची, आणि भरलेला कागद लाखेच्या पाण्यात बुडवून वाळत घालायचा. रेघ कागदावर कायमची बसायची.

आता हे सगळं काम कॅमेरा करतो आणि कॉम्प्युटर आकडे काढतो. चांगलं आहे. पण मला अजून कुठं रॉकेलचा वास आला की ते कोठार आठवतं. त्या खोलीत कानावर दोनच आवाज यायचे, घड्याळाची टिकटिक आणि त्या काडीची काजळीवरची खरखर. बाहेर ऊन रणरणत असायचं, गॅदरिंगचे ढोलताशे चालू असायचे, आणि मी आत काळोखात उभी राहून एका रानटी तणाचं पान उघडताना ऐकायची. इतकं सुख मला पुढं कशात मिळालं नाही, लग्नात नाही आणि प्रमोशनमध्ये तर नाहीच. नवरा हे वाचणार आहे, वाचू दे.

या खोलीत माझ्याबरोबर काम करायचे काशिनाथमामा. कॉलेजात रोजंदारीवर शिपाई होते. धनगराचं घर, दौलताबादच्या पलीकडं डोंगराच्या अंगाला गाव. भाऊ मेंढरं राखायचा आणि हे रोज पहिल्या बसनं शहरात यायचे. कॉलेजातले सगळे त्यांना मामा म्हणायचे आणि ते मला 'म्याडम' म्हणायचे. पहिल्याच दिवशी कुंडीकडं बघून त्यांनी विचारलं, "तरोटा?"

"हो, तरोटा."

"याच्यावर शिकून कुणी मोठं झालंय व्हय, म्याडम?"

"मी होणार आहे."

"मंग मेंढरावर काहून नाय शिकलात? दोन घोट दूध तरी मिळालं आसतं."

असं म्हणत म्हणत काजळी चढवायला ते माझ्यापेक्षा लवकर शिकले. माझी काजळी कुठं जाड, कुठं पातळ. त्यांची एकसारखी. नऊ वर्षं रोजंदारीवर काढली होती त्यांनी, आणि त्या वर्षी त्यांना कायम करायची फाईल पहिल्यांदा पुढं सरकली होती. रोज मला विचारायचे, "म्याडम, तुम्ही एक शब्द टाकाल का?" मी म्हणायची, "टाकते ना, मामा." टाकलाही होता.

काम सुरू केलं तेव्हाचीच एक गोष्ट. अंधाऱ्या खोलीत ढोल बदलायचा तर काहीतरी दिसलं पाहिजे. हिरवा उजेड झाडाला जवळपास कळत नाही असं पुस्तकात होतं. परदेशात त्यासाठी खास काच मिळते, आमच्याकडं कुठली? मी शहागंजात गेले. तिथं एका दुकानात सजावटीचे रंगीत पारदर्शक कागद मिळायचे, लग्नाच्या आणि सणावारांच्या दिव्यांना लावायचे. दुकानदारानं हिरवा कागद उजेडासमोर धरला. "देखो बाजी, एकदम पक्का हरा. ऐसा हरा पूरे मार्केट में नहीं मिलेगा." मी चार घड्या करून तो बॅटरीच्या तोंडाला रबरानं बांधला. खोलीत हिरवा हिरवा अंधार पसरला. मी खूश. दारावर पाटीसुद्धा लावली: हिरव्या बॅटरीशिवाय आत येऊ नये. आणि रोज अकरा वाजता, साडेदहाचं मस्टर आणि चहा आटोपला की, ती बॅटरी घेऊन मी आत जायची, ढोल बदलायची आणि बाहेर यायची.

दोन पावसाळे गेले. एक कुंडी अंधारात आठ-नऊ दिवस तग धरायची, मग पानं पिवळी पडायची, की दुसरी कुंडी. असे ढीगभर कागद झाले. आणि प्रत्येक कागदावर तरोट्याचा दिवस बरोबर चोवीस तासांचा. पाच मिनिटं इकडं नाही की तिकडं नाही. मी ते कागद घेऊन माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक सरांकडं गेले. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि दोनच वाक्यं बोलले. "बाई, झाड इतकं शहाणं नसतं. तुमच्या खोलीत कुठून तरी उजेड येतोय."

डोक्यात राख घालूनच मी परत आले. दाराच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या. कौलाखाली डांबरी कागद ठोकला. किल्लीच्या भोकात मेण घातलं. मामा शिडीवर चढून एकेक भोक शोधायचे आणि मी खालून ओरडायची. नवी कुंडी लावली. चोवीस तास. आणखी एक लावली. चोवीस तास. मला रडू यायचं बाकी होतं. तीन वर्षांचं काम, आणि पदवीची मुदत डोक्यावर. भिंती झाल्या, दार झालं, छप्पर झालं. आता संशय घ्यायला उरलं कोण? मामांच्या खिशात बिड्यांचं बंडल असायचं आणि काडेपेटी असायची.

"मामा, तुम्ही आत बिडी ओढता का?"

"न्हाय जी, म्याडम."

"काडी तरी ओढता?"

"खंडोबाची आन घेतो. आत मी काडी ओढली आसंल तर हे हात झडतील."

तरी माझ्या मनातला संशय काही गेला नाही. नाचता येईना तेव्हा अंगण वाकडं म्हणतात. माझं अंगण हाताशीच होतं, दहा वर्षं जुना खाकी शर्ट घातलेलं.

त्याच पावसाळ्यात शहरात डोळ्यांची साथ आली. माझेही डोळे आले. सकाळी पापण्या चिकटलेल्या, उजेड सोसवत नाही, आणि इतरांना लागण होते म्हणून कॉलेजात जायची सोय नाही. आदल्याच दिवशी मी नवी कुंडी लावली होती. अकरा वाजता ढोल बसवून घरी आले ती आडवीच झाले. मामांना निरोप धाडला, रोज अकराला ढोल बदला, लाखेत बुडवा, कागद वाळवून ठेवा. आठ दिवसांनी गॉगल लावून गेले. मामांनी आठ कागद ओळीनं दोरीला टांगून ठेवले होते. प्रत्येकाच्या कोपऱ्यात त्यांच्या अंगठ्याचा ठसा. इतके स्वच्छ कागद मी स्वतः कधी काढले नव्हते.

पण रेघा बघितल्या आणि माझं माथं भडकलं. कागद जिथं सुरू होतो ती ढोल बदलायची वेळ, म्हणजे अकरा. तिथून एकोणीस तासांवर, पहाटे सहाच्या सुमाराला, पान उघडल्याची रेघ असायला पाहिजे. पहिल्या कागदावर ती होती. दुसऱ्यावर अर्धा तास आधी. तिसऱ्यावर एक तास आधी. आठव्या कागदापर्यंत साडेतीन तासांची गडबड. याचे दोनच अर्थ निघत होते. एक तर तरोटा रोज अर्धा तास लवकर उठत होता. नाहीतर मामा रोज अर्धा तास उशिरा ढोल बदलत होते. आज अकरा, उद्या साडेअकरा, परवा बारा. बाई घरी पडलेली, म्हणजे यांना रान मोकळं.

मी दुसरा अर्थ धरला. जो अर्थ शोधायला तीन वर्षं खर्च केली तो समोर दोरीवर टांगलेला होता, आणि मी त्याच्याकडं बघून ओरडले, "मामा, ही काय थट्टा लावलीय?"

"काय झालं, म्याडम?"

"रोज किती वाजता येत होतात?"

"अकराला. तुम्हीच सांगितलं व्हतं."

"मग हे काय आहे? घड्याळ बघता येत नाही का?"

"घड्याळ बघूनच आत जायचो, म्याडम. आन बॅटरी बी लावली नाय. मला ती लागत नाय. मेंढी अंधारात व्याली तर आमी काय दिवा लावत बसतो व्हय? हाताला कळतं समदं. निजल्यालं झाड, त्याच्या तोंडावर उजेड कशाला मारायचा?"

हे त्यांनी सांगितलं. स्वतःच्या तोंडानं, मला, माझ्या समोर उभं राहून. माझ्या तीन वर्षांच्या कोड्याचं उत्तर त्या माणसानं आयतं हातात ठेवलं. आणि मी काय केलं? दारावरच्या पाटीकडं बोट दाखवलं. म्हणाले, "म्हणजे नियमसुद्धा मोडला!" त्याच दिवशी प्राचार्यांना अर्ज लिहिला. कामात अक्षम्य हलगर्जी, वेळेचे भान नाही, प्रयोगशाळेचे नियम धाब्यावर. माझं अक्षर चांगलं आहे, भाषाही बरी आहे. अर्ज फार उत्तम उतरला होता.

कायम करायच्या यादीतून मामांचं नाव गळलं. दिवाळीच्या सुटीनंतर त्यांना कामावर बोलावलंच नाही. जायच्या दिवशी ते कोठाराच्या दारात आले. मी कागद मोजत बसले होते, मान वर केली नाही. ते म्हणाले, "काजळी चढवून ठिवलीय, म्याडम. चार ढोल तयार हायेत." आणि गेले. पुढं कुणाकडून तरी कळलं की शेंद्र्याला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहेत.

माझी पदवी मी वेगळ्याच विषयावर, बियांच्या उगवणीवर, कशीबशी उरकली. अंधाऱ्या खोलीचे सगळे कागद 'निष्कर्ष अस्पष्ट' असा शिक्का मारून कपाटात टाकले. दोन वर्षांनी एकदा भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत चहाला गेले होते. तिथं पोरं लोलकातून उजेड पाठवून रंगांच्या पट्ट्या बघत होती. रंगीत कागद समोर धरला की कुठले रंग गाळले जातात आणि कुठले पार जातात, ते बघायचं. त्यांच्याकडं हिरवा कागद नव्हता. माझ्या पर्समध्ये शहागंजातल्या त्या पक्क्या हिरव्या कागदाचा तुकडा होता, कशाला तरी गुंडाळलेला. मी दिला. एक मुलगी नळीला डोळा लावून म्हणाली, "मॅडम, याच्यातून हिरवा येतोय. आणि लालपण येतोय की."

मी तिला बाजूला सारलं आणि बघितलं. हिरव्या पट्टीच्या पलीकडं, अंधार असायला हवा तिथं, तांबडी पट्टी. डोळ्यांना एरवी जाणवूही नये एवढी, पण होती. आणि तांबडा उजेड झाडाला सगळ्यात आधी कळतो. रोज अकरा वाजता मी बॅटरी घेऊन आत जात होते आणि तरोट्याला सांगत होते, अकरा वाजले बरं का. बिचारा रोज आपलं घड्याळ माझ्यावर लावून घेत होता. खोलीत उजेड कुठून येतो, तर माझ्या हातातून.

चहा तसाच ठेवून मी कोठारात पळाले आणि कपाटातून ते आठ कागद काढले. आता मला ते दिसलं, जे शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. ढोल चोवीस तासांत एक फेरी करतो. मामा अर्धा तास उशिरा आले असते, तर ढोल चोवीसच्या वर अर्धा तास फिरला असता, आणि शेवटची अर्ध्या तासाची रेघ सुरुवातीच्या रेघेवर चढली असती. एकाही कागदावर रेघ रेघेवर चढली नव्हती. आठही कागदांवर ती जिथून निघाली तिथंच येऊन थांबली होती. माणूस आठही दिवस मिनिटाला पक्का आला होता. साडेतेवीस तासांचा दिवस तरोट्याचा होता. चोर सोडून मी संन्याशाला फाशी दिली होती, आणि फाशीचा दोर सुवाच्य अक्षरात लिहून दिला होता.

त्या पावसाळ्यात मी बॅटरी फेकून दिली आणि अंधारात ढोल बदलायला शिकले. किती कागद बिघडवले, विचारू नका. ढोलाच्या बुडाला एक खाच असते, ती बोटानं शोधायची. काडी डाव्या करंगळीनं बाजूला धरायची. काजळीला हात लागू द्यायचा नाही. महिनाभरानं माझे कागद मामांच्या निम्म्यानं बरे यायला लागले. निकाल तोच, साडेतेवीस तास. त्यावर लेख छापून आला, नाव झालं. लेखाच्या शेवटी बारीक टायपात, इंग्रजीत, काशिनाथमामांच्या मदतीबद्दल आभार मानले. जो माणूस ते कधी वाचणार नव्हता त्याचे आभार मानून मी मोकळी झाले.

प्राचार्यांकडंही गेले होते. म्हटलं, माझा अर्ज चुकीचा होता, मला तो परत घ्यायचाय. तोवर प्राचार्य बदललेले. नवे म्हणाले, "मॅडम, ती जागा भरली. फाईल बंद झाली. आता कशाला जुनं उकरता?" मला ते ऐकून बरं वाटलं, हे कबूल करते. कुणीतरी 'कशाला उकरता' म्हणावं, याचीच मी वाट बघत होते.

एकदा निघालेही होते. सीताफळांचे दिवस होते. दौलताबादला उतरले, त्यांच्या गावाकडं जाणारी जीप समोर उभी होती, ड्रायव्हर हाका मारत होता. मी टोपलीभर सीताफळं घेतली आणि आल्या बसनं परत आले. घरी सगळ्यांनी चवीनं खाल्ली. मला विचारलं, एवढ्या लांब सीताफळांसाठी गेलीस? म्हटलं, हो. त्यानंतर वर्षांवर वर्षं गेली. कोठार पाडून तिथं गाड्या लावायला शेड केली. मी निवृत्त झाले. कधी कधी त्या शेडमध्ये उगाच जाऊन उभी राहायची. वाटायचं, एकदा, फक्त एकदा तो पडदा बाजूला करून आत जाता यावं. मामा शेजारी असावेत. आणि ते म्हणावेत, बॅटरी कशाला, म्याडम. आणि मी ऐकावं.

या दिवाळी अंकासाठी लिहा असा निरोप आला, तेव्हा दोन पानं लिहून झाल्यावर हात थांबला. हे मी सगळ्या महाराष्ट्राला सांगायला निघाले, आणि ज्याचं आहे त्याला अजून सांगितलं नाही. लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि गेले. या वेळी जीपमध्ये बसले.

पत्र्याचं घर, शेजारी जाळीत मेंढरं. मामा बाजेवर बसले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा गेलेला. मी म्हटलं, "मामा, ओळखलं का?"

ते थोडा वेळ कान देऊन बसले. "म्याडम? तरोट्याच्या म्याडम? आवाज त्योच हाय. जरा उतरलाय."

सुनेनं चहा आणला. मी वाटेत सगळं पाठ करून आले होते, ते एका दमात म्हणून टाकलं. हिरवा कागद, तांबडी पट्टी, ढोलाची फेरी, अर्धा तास. "चूक माझी होती, मामा. तुमचं काही चुकलं नव्हतं. मी तुमची रोजीरोटी घालवली." ते मान हलवत ऐकत होते. मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजी तरोट्याचा दिस साडेतेवीस तासांचा?"

"हो."

"आन आपला चोवीस." ते हसले. "लबाड हाय. तरीच समद्यांच्या आधी माजतं रानात."

मीही हसले. छातीवरचं ओझं उतरतंय असं वाटलं. मग ते एकदम म्हणाले, "आन मी? मी किती वाजता जात व्हतो?"

"म्हणजे?"

"आवो, आमची मंडळी मरेस्तवर म्हनायची, येळेवर गेला आस्ता तर कायम झाला आस्ता. आदी आदी मी भांडायचो तिच्याशी. म्हनायचो, अकराच्या ठोक्याला जात व्हतो गं. पर पुढं पुढं मला बी वाटाया लागलं, शिकल्याली बाई लिवून देती, ती काय खोटं लिवंल? झाला आसंल उशीर. बस बी चुकायची कवा कवा. आता तर लई वरसं झाली. मला आता ठावंच नाय, म्याडम, मी खरंच किती वाजता जात व्हतो त्ये."

मी त्यांची नोकरी घालवली एवढंच मला माहीत होतं. त्यांना स्वतःवरचा विश्वाससुद्धा मीच घालवला, आणि तो इतकी वर्षं परत द्यायला गेले नाही. ती बाई नवऱ्याला कामचुकार समजून गेली. तिला आता कोण सांगणार?

मी बाजेवर त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. म्हटलं, "मामा, मी कागद बघितलेत. एकेक करून बघितलेत. पहिल्या दिवशी अकरा."

त्यांनी एक बोट दुमडलं.

"दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी अकरा."

सून दारात येऊन उभी राहिली. तिच्याकडं तोंड करून ते म्हणाले, "ऐकतीस न्हवं?" आणि पुन्हा माझ्याकडं वळले. चौथ्या दिवशी अकरा. पाचव्या दिवशी अकरा. सहाव्या, सातव्या दिवशी अकरा. ते एकेक बोट दुमडत होते आणि ओठांनी माझ्याबरोबर म्हणत होते. आठव्या बोटाशी थांबले.

"आठव्या दिशी तर लई पाऊस व्हता, म्याडम. नाल्याला पूर आल्ता. म्या बस सोडून चालत आल्तो, मला वाटतंय."

"होता, मामा. खूप पाऊस होता," मी म्हटलं. "तरी अकराच."